ऑइल कोणतं ते नंतर, आधी शॉकअप कोरडा कशानं पडला ते बघा

नमस्कार दादा. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही कळंल. २०१२ ची २६ इंची एमटीबी (डोंगरी सायकल), राहायला अंबाजोगाई, मुकुंदराजच्या उतारावर आणि शेताच्या रस्त्यांनी चालवता, वजन ८८ किलो. तीन वर्षं सायकल पोर्चमधे पडून होती, आता परत काढली तर पुढचा शॉकअप पहिला इंचभर हलतच नाही आणि जोर दिला की एकदम खटकन खाली बसतो. पाईपवर (शॉकअपच्या आत-बाहेर सरकणाऱ्या वरच्या नळीवर) काळं कडं येतंय. गावातला मोटरसायकलचा मेकॅनिक म्हणतो वरून ऑइल भरून देतो, मोठ्या शहरातला एक सर्व्हिसवाला म्हणतो एवढ्या जुन्याचे पार्ट येत नाहीत, फेका आणि नवा घ्या. आणि तुम्ही विचारायलात की ऑइल कोणतं टाकू, २०डब्ल्यू-४० चालंल का.

माझं सरळ उत्तर असं की तुम्ही जे वर्णन लिहिलंय, म्हणजे डाव्या पायावर अधिक-उण्याचं बटन, उजव्या पायावर लॉकचं बटन, हवेचा व्हॉल्व्ह कुठंच नाही, खाली दोन्हीकडं नुसते बोल्ट आणि रिबाउंडचं (दबून परत येण्याचा वेग बदलायचं) लाल बटन नाही, त्यावरून तुमच्या शॉकअपमधे भरायला ऑइल बहुतेक कधी नव्हतंच. त्याच्यात कंपनीतून ग्रीस येतं. ते ग्रीस सुकलंय. म्हणजे आजारच वेगळा आहे आणि तुम्ही औषधाचं नाव विचारायलात.

तुमच्या मेकॅनिकला मी नावं ठेवणार नाही, कारण मी स्वतः त्याच गल्लीतून आलोय. सुरुवातीची बरीच वर्षं मोटरसायकलच्या गॅरेजात काढली, मग संभाजीनगरात सायकलचं काम सुरू केलं. पहिला चांगला इंपोर्टेड शॉकअप हातात आला तेव्हा मी काय केलं, मोटरसायकलच्या हिशोबानं दोन्ही पायात मोजून दीड-दीडशे मिली फोर्क ऑइल ओतलं आणि लई भारी काम केल्यासारखं गिऱ्हाइकाला सायकल दिली. चौथ्या दिवशी माणूस परत. शॉकअप अर्ध्यापर्यंतच दबायचा कारण आत हवेला जागाच उरली नव्हती, आणि म्हैसमाळच्या घाटात दाब एवढा झाला की सील वर उचललं गेलं आणि सगळं ऑइल पुढच्या डिस्कवर आलं. उतारावर ब्रेक गेला. पडला नाही हे माझं नशीब. ब्रेक पॅड मी माझ्या खिशातून दिले, कारण पॅडमधे एकदा ऑइल मुरलं की ते घासून-जाळून नीट होत नाहीत, बदलावेच लागतात (डिस्क मात्र आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून वाचते).

तर फरक काय आहे ते समजून घ्या. साध्या मोटरसायकलच्या शॉकअपमधे तेच ऑइल दोन कामं करतं, झटका जिरवायचं पण आणि वंगणाचं पण, म्हणून ते पायभर भरलेलं असतं आणि सील ते धरून ठेवतं. सायकलच्या शॉकअपमधे कामं वाटून दिलेली असतात. साधारणपणे डाव्या पायात स्प्रिंग किंवा हवा, उजव्या पायात झटका जिरवणारं डॅम्पर, आणि खालच्या बॉटममधे (पाईप ज्यात सरकतात त्या बाहेरच्या पायांत) जे ऑइल असतं ते फक्त बुश, म्हणजे पाईप ज्यावर सरकतात ती कडी, ओले ठेवायला, दर पायाला ५ ते १५ मिली, म्हणजे चहाचे एक ते तीन चमचे. स्वस्त शॉकअपमधे तेवढंही नसतं, तिथं नुसतं ग्रीस. याला अपवाद आहे बरं का, जुना मार्झोची बॉम्बर कुणाकडं असंल (तो १९९७ ला आला) तर तो ओपन बाथ, त्याच्यात खरंच मोटरसायकलसारखं पायभर ऑइल असतं. पण तो आपल्याकडं किती जणांकडं आहे, मी आयुष्यात दोन बघितले.

आता फेकून द्या म्हणणाऱ्याचं. पार्ट मिळत नाहीत हे खरं असू शकतं. पण शॉकअप मरायला पार्ट संपावे लागतात असं नाही, आणि जगवायला पार्ट लागतातच असंही नाही. माझ्याकडं जे जुने शॉकअप येतात त्यातले बहुतेक झिजलेले नसतात, सुकलेले आणि घाणीनं भरलेले असतात. आपल्या मराठवाड्यात तर हे ठरलेलंच आहे. उन्हाळ्यात मुरमाची बारीक धूळ सीलच्या ओठावर बसती, पावसाळ्यात काळी माती चाकाला चिकटून वर ब्रिजपर्यंत (चाकावरच्या, दोन्ही पाय जोडणाऱ्या कमानीपर्यंत) येती, तिथंच वाळून दगड होती आणि पुढच्या राईडला तोच दगड पाईपवर घासत खालीवर. आणि मग लोक काय करतात, वॉशिंग सेंटरवर नेऊन प्रेशरचं पाणी मारतात. ते पाणी सीलच्या आत जातं. बाहेरून सायकल चकाचक, आत चिखल.

खोलायच्या आधी चार गोष्टी घरीच बघून घ्या, फुकट आहेत.

पहिलं, लॉक उघडं आहे का. हसू नका. आमच्याकडं एक सर जालन्याहून शॉकअप जाम झाला म्हणून कारमधे सायकल घालून आले होते, हँडलवरच्या लॉकची केबल गंजून अडकली होती, शॉकअप ठणठणीत. बटन दोन्हीकडं पूर्ण फिरवून बघा.

दुसरं, पुढच्या चाकाचं क्विक रिलीज ढिलं करून शॉकअप दाबून बघा. जर एकदम मोकळा चालायला लागला तर दोष आत नाही, हबचा एक्सल आणि शॉकअपचे पाय एका रेषेत नाहीत, आवळलं की पाय एकमेकांकडं ओढले जातात आणि पाईप बुशमधे तिरके अडकतात. हे लई जण चुकतात आणि उगं सगळं खोलून बसतात.

तिसरं, बुशचा खेळ. पुढचा ब्रेक दाबून धरा, दुसऱ्या हाताची बोटं सील आणि पाईप जिथं भेटतात तिथं गुंडाळा, सायकल पुढं-मागं हलवा. बोटाला टकटक लागली तर बुश गेलेत. पण हेडसेट (हँडलच्या मानेतलं बेरिंग) ढिला असला तरी तसंच वाटतं, म्हणून मग हँडल काटकोनात वळवून परत हलवून बघा, तेव्हाही टकटक राहिली तर ती हेडसेटची, गेली तर शॉकअपची किंवा ब्रेकची. जरासा खेळ जुन्या शॉकअपमधे असतोच, त्याला घाबरू नका, मोठा खेळ असंल तर पुढची मेहनत कमी करा.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाईप. स्वच्छ ओल्या फडक्यानं पुसा आणि नख वरून खाली फिरवा. नख अडलं तर ओरखडा खोल आहे. नुसता दिसतो पण नख अडत नाही, तर चालवा बिनधास्त. तुमच्या शॉकअपचे पाईप बहुतेक क्रोम केलेल्या लोखंडाचे असतील (चुंबक लावून बघा, चिकटला की लोखंड), आणि तीन वर्षं पोर्चमधे पडून होती म्हणता, म्हणजे गंजाचे ठिपके असणारच. यांना सँडपेपर लावू नका. स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा करा, पाण्यात बुडवा आणि हलक्या हातानं घासा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असतो, क्रोम तसाच राहतो आणि गंज निघतो. ठिपक्याच्या जागी बारीक खड्डा उरला आणि तो सीलच्या रस्त्यात येत असंल तर आयसोप्रोपिलनं पुसून त्यात पारदर्शक नेलपेंटचा थेंब भरायचा, एक दिवस वाळू द्यायचा, मग २००० नंबरच्या ओल्या पेपरनं फक्त तो थेंब सपाट करायचा. बायको हसंल पण सील फाटत नाही.

पाईप अ‍ॅल्युमिनियमचे असतील, म्हणजे काळे किंवा सोनेरी किंवा करड्या रंगाचे, तर गोष्ट वेगळी. त्यांच्यावर अ‍ॅनोडायझिंगचा पातळ थर असतो आणि पुढच्या-मागच्या बाजूला तो रंग उडून चांदीसारखा पट्टा दिसायला लागला की समजा थर गेला. हा पट्टा घरी परत येत नाही. मला वाळूजला, चिकलठाण्याला लई जणांनी सांगितलं की हार्ड क्रोम करून देतो, हायड्रॉलिक सिलिंडरचे रॉड तिथं रोज होतात. लोखंडाच्या मोटरसायकल पाईपला मी करून घेतलंय, चालतं. पण सायकलच्या पातळ अ‍ॅल्युमिनियम पाईपला, जो वर क्राउनमधे (दोन्ही पाईप धरणाऱ्या वरच्या तुकड्यात) दाबून बसवलेला असतो आणि सहज निघत नाही, त्याला मी तरी करायला देणार नाही.

आणि एक गोष्ट जिथं कोणतीच युक्ती चालत नाही. क्राउनला, ब्रिजला किंवा चाक बसतं त्या टोकाला बारीक चीर दिसली, किंवा पाईप जरासा वाकलेला दिसला, तर तो शॉकअप भंगारात. पुढचा चिमटा तुटला तर माणूस तोंडावर पडतो, तिथं काटकसर करू नका.

इथपर्यंत थोडक्यात: लॉक, एक्सल, बुश, पाईप. चारही ठीक असतील तर तुमचा शॉकअप फक्त कोरडा आहे, आणि हे काम घरी एका रविवारी होतं.

आता खोलायचं कसं ते तुमच्यासारख्या स्प्रिंगवाल्या, ग्रीसवाल्या शॉकअपचं सांगतो. चाक काढा, डिस्क असंल तर कॅलिपर सोडून दूर बांधा, पॅडला ग्रीसचं बोट लागता कामा नये. वरची प्रीलोडची, म्हणजे अधिक-उण्याच्या बटनाची टोपी मोठ्या पान्यानं सावकाश सोडा, तोंड बाजूला ठेवून, खाली स्प्रिंग थोडीशी दाबलेली असती. स्प्रिंग काढून ठेवा. मग सायकल उलटी करा आणि खालचे बोल्ट सोडा, काहींना ५ ची अलंकी लागती, काहींना टोपीखाली नट असतो. बोल्ट पूर्ण काढायचा नाही, तीन-चार आटे ढिला करायचा आणि त्याच्या डोक्यावर रबरी किंवा लाकडी हातोड्यानं एक-दोन ठोके द्यायचे, म्हणजे आतला रॉड सुटतो. बोल्ट पूर्ण काढून मग छिद्रात लोखंडी पंच घालून ठोकणारे महाभाग आहेत, त्यांनी आतल्या रॉडचे आटे मारलेले मी बघितलेत. बोल्टाबरोबर आतला रॉडच फिरायला लागला तर घाबरू नका, स्प्रिंग परत बसवा, घरातल्या कुणाला तरी हँडलवर छाती टेकवून शॉकअप दाबून धरायला सांगा, दाबात रॉड फिरत नाही, बोल्ट निघतो.

रॉड सुटला की बोल्ट पूर्ण काढा, मग बॉटम पाईपवरून सरळ ओढून काढायचा. तुमचा बहुतेक दम लावून निघंल. आत जे दिसंल ते बघून तुम्हालाच उत्तर मिळंल. ग्रीस मेणासारखं घट्ट आणि पिवळं-तपकिरी असंल तर नुसतं सुकलंय. दुधाळ असंल तर पाणी गेलंय. काळं आणि बोटात किरकिर असंल तर धूळ. राखाडी आणि चमचम असंल तर मात्र धातू झिजायलाय, पाईप परत नीट बघा. स्वस्त शॉकअपमधे बुश प्लास्टिकचे असतात आणि कधी कधी पाईपबरोबर बाहेर येतात, कोणता वर होता कोणता खाली, तोंड कोणीकडं होतं, फोटो काढून ठेवा. मी अजूनही काढतो, एवढ्या वर्षांनी सुद्धा.

साफ करायला रॉकेल चालंल का असं लई जण विचारतात. धातूला चालतं, पण ते मागं राहिलं की नवं ग्रीस पातळ करतं, आणि रबराला ते बरं नाही. मी जुन्या बनियनचं फडकं लांब काठीला बांधून बॉटमच्या आत फिरवतो, पहिल्यांदा कोरडं, मग आयसोप्रोपिलमधे ओलं, ते पांढरं बाहेर येईपर्यंत. धागे सुटणारं फडकं घेऊ नका, एक धागा सीलखाली राहिला की ऑइल तिथून वर चढतं.

ग्रीस कोणतं, इथं थोडं थांबतो कारण तुमच्या प्रश्नाचा खरा जीव इथं आहे. दुकानात मिळणारं चाकाच्या बेरिंगचं घट्ट लिथियम ग्रीस किंवा ट्रॅक्टरचं चेसिस ग्रीस लावलं तर शॉकअप पहिले आठ दिवस बरा वाटतो, मग तेच ग्रीस धूळ धरून परत गोंद होतं. शॉकअपला मऊ ग्रीस लागतं, बोटानं उचललं की लोण्यासारखं पसरणारं. सस्पेन्शनसाठीचं म्हणून जे मिळतं ते घ्या, नाही मिळालं तर पीटीएफईवालं (टेफ्लॉनचं) किंवा सिलिकॉनवालं मऊ ग्रीस, बेरिंगच्या मोठ्या दुकानात मिळतं, लहान डबी तुम्हाला दोन-तीन वर्षं पुरंल. बुशच्या आतून पातळ थर, डस्ट सीलच्या दोन ओठांमधल्या खाचेत जरा जास्त भरून, आणि स्प्रिंगवर थोडंसं, नाहीतर ती पाईपला घासून खरखर आवाज करती. पाईपवर थापू नका, जास्तीचं सगळं बाहेरच येणार आणि धुळीला आमंत्रण.

मग यात थोडं ऑइलही टाकू का? मी करून बघितलंय. काही शॉकअपला जमलं, काहींच्या खालच्या बोल्टाला सील करणारा वॉशरच नसतो, रात्रीतून सगळं ऑइल फरशीवर. डिस्क ब्रेकवाल्या सायकलला हा प्रयोग मी सांगणार नाही.

डस्ट सील कडक झालंय का ते बोटानं दाबून बघा. मऊ आहे, ओठ फाटलेला नाही, तर तेच धुवून लावा. बदलायचं असंल तर पाईपची जाडी व्हर्नियरनं मोजा (२८, ३०, ३२ मिमी अशा मापात येतात) आणि त्या मापाचं सायकलचंच सील मागवा. मोटरसायकलचं ऑइल सील बाहेरच्या मापात कसंबसं बसलं तरी त्याची आतली स्प्रिंग पाईप एवढी आवळून धरती की शॉकअप परत जाम, मोटरसायकलच्या वजनाला ते चालतं, १४ किलोच्या सायकलला नाही. नवं सील ठोकायला ड्रिफ्ट (सील बसवायची खास नळी) नसतो कुणाकडं, प्लंबरच्या दुकानातून मापाचा पीव्हीसी कपलर आणा, सीलवर ठेवा, सगळीकडून सारखं हलकं ठोकत बसवा.

परत बसवताना एकच काळजी, पाईप सीलमधे घालताना ओठ आत दुमडता कामा नये, थोडं तिरकं धरून, हळू, दोन्ही पाय बरोबर. खालचा बोल्ट साधारण ७ न्यूटन मीटर, टॉर्कचा पाना नसंल तर अलंकी लांब बाजूनं धरायची नाही, आखूड बाजूनं हाताच्या जोरानं आवळायचं आणि थांबायचं. बॉटम बहुतेक मॅग्नेशियमचा असतो, जोर दाखवायची जागा नाही ती.

ज्यांच्याकडं हवेचा किंवा चांगल्या डॅम्परवाला शॉकअप आहे, म्हणजे जुने रेबा, रिकॉन, एपिक्सॉन वगैरे मॉडेल, त्यांच्यासाठी दोन गोष्टी बदलतात. एक, पान्याला हात लावायच्या आधी प्रेशर लिहून ठेवा आणि सगळी हवा काढा, जुन्या ड्युअल एअर रेबाला खाली दुसरा निगेटिव्ह व्हॉल्व्ह असतो, तो विसरून खोललं तर पार्ट तोंडावर येतो. दोन, डस्ट सीलच्या खाली स्पंजाचं कडं असतं, तेच खरं पाईपला ओलं ठेवतं. ते चिमट्यानं काढा, धुवा, पिळा, ऑइलमधे बुडवून परत बसवा. मग पाईप वरच्या बुशपर्यंत घालून सायकल उलटी, मेडिकलमधून आणलेल्या सिरिंजनं खालच्या छिद्रातून मॉडेलच्या चार्टप्रमाणं ऑइल, बॉटम पूर्ण दाबा, बोल्ट, नवे वॉशर. इथं तुमच्या २०डब्ल्यू-४० चं उत्तर देतो: बॉटममधे वंगणाला मोटरसायकलचं १५डब्ल्यू फोर्क ऑइल उत्तम, आणि अडल्या वेळी इंजिन ऑइलसुद्धा चालून जातं, मी वापरलंय, काही बिघडलं नाही, रॉकशॉक्स या शॉकअपच्या कंपनीनंच नंतरच्या शॉकअपच्या बॉटमला ०डब्ल्यू-३० सांगितलं होतं. डॅम्परच्या आत मात्र चालत नाही, तिथं कंपनीनं सांगितलेलं, बहुतेक ५डब्ल्यू, कारण तिथं ऑइलच्या पातळपणावरच शॉकअप किती वेगानं परत येतो ते ठरतं. आणि ५डब्ल्यू, १०डब्ल्यू हे आकडे सगळ्या कंपन्यांचे एकसारखे नसतात, एकाचं दहा दुसऱ्याच्या सातासारखं निघतं, म्हणून अर्धं एकाचं अर्धं दुसऱ्याचं असं करू नका. डॅम्पर खोलणं घरी पहिल्याच वेळी करू नका असं माझं मत, शॉकअप दाबून सोडल्यावर ठक करून परत येत असंल तरच त्याच्या नादी लागा.

हवेवाल्यांनी उन्हाचाही हिशोब ठेवावा. सकाळी २५ डिग्रीला १०० पीएसआय भरलेला शॉकअप दुपारी ४३ डिग्रीत साधारण १०७ ला जातो. परभणीच्या मे महिन्यात हा फरक हाताला कळतो. आणि टायरचा कंप्रेसर शॉकअपला लावू नका, आत जागा एवढी छोटी असती की सेकंदात आकडा कुठल्या कुठं जातो, शॉकपंपच लागतो.

तुमच्या वजनाचं राहिलं. अशा शॉकअपच्या स्प्रिंगा माझ्या अंदाजानं सत्तर किलोच्या आसपासच्या माणसाला धरून असतात. सर्व्हिस झाल्यावर पाईपला एक केबल टाय सैल बांधा, सीलला टेकवा, हळूच सायकलवर बसा, हळूच उतरा, टाय किती सरकला मोजा. १०० मिमीच्या शॉकअपला २० ते २५ मिमी बरोबर. ३५ येत असंल तर प्रीलोड फिरवा, पण प्रीलोडनं स्प्रिंग कडक होत नाही, फक्त सुरुवात उंच होती, एवढं ध्यानात ठेवा. पूर्ण फिरवूनही ३५ च, तर स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ आहे आणि मोठ्या खड्ड्यात तो खटका थोडा राहणार. ही गोष्ट ग्रीसनं सुटत नाही, खोटं कशाला सांगू.

किती दिवसांनी करायचं? पुस्तकात बॉटमची सर्व्हिस ५० तासांनी लिहिलेली असती. आठवड्याला सहा तास चालवणाऱ्याला हे दोन महिन्यांनी येतं आणि खरं सांगतो, माझ्या गिऱ्हाइकांत असं करणारे एका हाताच्या बोटांवर. माझा स्वतःचा नियम दोनदाचा, एकदा मृग लागायच्या आधी आणि एकदा दिवाळीनंतर, काळी माती वाळली की. मधल्या काळात दर राईडनंतर ओल्या फडक्यानं सीलभोवती पुसायचं, बस. पाण्याची बादली पण लागत नाही, आणि आपल्याकडं बोअरचं पाणी एवढं जड की वाळल्यावर पाईपवर पांढरे डाग राहतात, तेही सीलला खरवडतात. स्पंजवाल्या शॉकअपची सायकल मधूनमधून रात्रभर उलटी ठेवा, ऑइल खाली उतरून स्पंज भिजतो. (हायड्रॉलिक ब्रेक असंल तर सकाळी सरळ केल्यावर लिव्हर दोन-चार वेळा दाबून बघा, मग निघा.) आणि डब्ल्यूडी-४० सीलवर मारू नका, आवाज जातो म्हणून सगळे मारतात, तो आतलं ग्रीस धुवून काढतो.

नवा घ्यायचाच झाला तर सर्व्हिसवाल्यानं एक गोष्ट सांगितली नाही तुम्हाला. तुमची फ्रेम २६ इंची, तिच्यात सरळ १ १/८ इंचाची स्टिअरर नळी (शॉकअपची फ्रेमच्या मानेतून हँडलपर्यंत जाणारी नळी) बसती, आजचे चांगले शॉकअप टेपर, म्हणजे खाली जाड होत जाणाऱ्या नळीचे आणि २७.५, २९ चे आहेत, एक्सलही जाड. ते तुमच्या फ्रेमला आणि चाकाला बसणार नाहीत. जे बसतील ते तुमच्यासारखेच साधे, मग नवा साधा घेण्यापेक्षा जुना साधा धुवून चालवलेला बरा. ट्रॅव्हल (शॉकअप जास्तीत जास्त किती दबतो ते) पण वाढवू नका, १०० च्या जागी १४० लावला की पुढचं तोंड वर येतं, चढावर सायकल भरकटती आणि फ्रेमच्या मानेवर ताण. उलट तुमचं चालवणं मुख्यतः डांबरी आणि शेतरस्ता असंल तर साधा, बिनशॉकअपचा लोखंडी चिमटा लावायचा विचार करा, फक्त त्याची उंची तुम्ही बसल्यावर आत्ताच्या शॉकअपची जेवढी राहती तेवढी हवी. मी माझ्या जुन्या सायकलला तेच केलंय आणि शॉकअप काढून कपाटावर ठेवलाय. पण मुकुंदराजच्या उतारासाठी मनगटाला शॉकअप लागतो हे मान्य.

तुम्ही असं करा, या रविवारी ती चार तपासण्या करा, बॉटम काढला तर आतल्या ग्रीसचा आणि पाईपच्या मागच्या बाजूचा उजेडात फोटो पाठवा, आणि पाईपची जाडी मोजून सांगा. सील लागणार की नाही ते त्यावरून सांगतो.